खिळ्यावरचा फोन

माझ्या तोंडून कुणाची स्तुती सहसा निघत नाही. अठ्ठावीस वर्षं कृषी सहायक म्हणून काढली, त्यात चुका शोधायची सवय लागली ती लागलीच. भाजीत मीठ बरोबर असलं तर मी गप्प जेवतो, कमी असलं तर बोलतो. आमच्या सौभाग्यवती प्रयागबाई म्हणतात, माझ्या गप्प बसण्यालाच शाबासकी समजून त्यांनी आजवर संसार केला. पण कारंज्याच्या अनिसाबद्दल गप्प बसून भागणार नाही. आणि तिची गोष्ट सांगायची तर आधी माझी बेअक्कल सांगावी लागते. ती सांगतो.

अनिसाचं दुकान कारंज्याला, बसस्थानकाजवळच्या वळणावर. मोबाईलची विक्री आणि दुरुस्ती. पूर्वी त्याच जागी तिचे वडील युनूसभाई घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानाच्या आतल्या भिंतीवर बारा खिळ्यांची रांग आहे. दुरुस्त केलेलं घड्याळ युनूसभाई गिऱ्हाईकाला लगेच देत नसत. ते खिळ्याला टांगायचे, आठ दिवस रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांशी ताडून पाहायचे, आणि आठही दिवस वेळ बरोबर निघाली तरच हातात द्यायचे. "चालू केलं म्हंजे दुरुस्त झालं असं नाई, बबनराव. चालत राह्यलं पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. माझं लग्नातलं घड्याळ एकदा सतरा दिवस त्या खिळ्यावर लटकत होतं. मी तेव्हाही भांडलो होतो.

आता युनूसभाईंना दिसत नाही. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पावलांवरून माणूस ओळखतात. खिळे मात्र तसेच आहेत, फक्त त्यांना आता जुने मोबाईल टांगलेले असतात, कापडाच्या छोट्या पिशव्यांतून. अनिसाची रीत अशी की गिऱ्हाईकाच्या फोनमधले नंबर, कॅलेंडर, मेल या सगळ्यांची ती एक प्रत काढते आणि आपल्या डिस्कवर ठेवते. इथपर्यंत कुणीही करतं. पण ही बाई तिथं थांबत नाही. ती प्रत खिळ्यावरच्या एखाद्या जुन्या फोनमध्ये उतरवते, नंबर किती आले ते मूळ फोनशी मोजून बघते, मग डोळे मिटून यादीवर बोट ठेवते आणि तो नंबर खरोखर लावते. पलीकडून माणूस बोलला की गिऱ्हाईकाच्या नावाच्या चिठ्ठीवर तारीख टाकायची, जुना फोन पुसून कोरा करायचा आणि परत खिळ्याला. दर गिऱ्हाईकाला दर वेळी हेच. मला हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटायचा.

माझ्या फोनमध्ये असं होतं तरी काय, हेही सांगायला हवं. माझी नात वैभवी, राजपालची मुलगी, नऊ वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात रक्त पुरेसं तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी अकोल्याला नेऊन रक्त द्यावं लागतं. दिलं की पोरगी अंगणात उड्या मारते. तारीख जवळ आली की ओठ पांढरे पडतात, आणि खाटेवरून न्हाणीपर्यंत जाताना मधे एकदा भिंत धरते. त्यात तिचा रक्तगट बी निगेटिव्ह. शंभरात एखाद्याचा असतो, आणि उन्हाळ्यात तर रक्तपेढीत या गटाची पिशवी असेलच याचा भरवसा नाही.

म्हणून मी माणसं जमवली होती. सहा वर्षांत अकरा. नोकरीत गावोगाव फिरलो होतो, त्या ओळखी उपयोगी आल्या. कुणी मेडशीचा, कुणी मानोऱ्याचा, कुणी तांड्यावरचा. एकाने रक्त दिलं की पुढचे तीन महिने त्याला देता येत नाही, म्हणून प्रत्येकाची तारीख मी फोनच्या कॅलेंडरमध्ये घालायचो. पुढच्या वेळी कोणाचा नंबर, ते कॅलेंडर उघडलं की समोर. डॉक्टरांचे अहवाल, कसं रक्त द्यायचं याच्या सूचना, हे सगळं मेलवर. ही यादी मी कुणाला देत नसे. राजपालने मागितली तर म्हणायचो, माझ्याजवळ आहे ना, मग तुला कशाला? त्याच्या फोनात फक्त दोघांचे नंबर होते. खरं सांगायचं तर मला त्या यादीचा गर्व होता.

भांडण झालं ते पौषात. मानोऱ्याचे धम्मपाल गुरुजी, माझ्या अकरांपैकी एक, मला फोन करून म्हणाले, "साहेब, कारंज्याहून एका बाईचा फोन आल्ता. नंबर लागते का पाह्यलं म्हणे अन ठेवून देल्ला. काई काम होतं का?" माझं डोकं फिरलं. तडक अनिसाच्या दुकानात गेलो.

"ही माणसं माझ्या नातीले रक्त देतात," मी म्हटलं. "त्याईले तू गंमत म्हणून फोन लावतं? शोभते का तुले?"

"गंमत नाई काका. लावल्याशिवाय समजत नाई ना. मागं एकाची यादी उतरवली तं नावं सारी बरोबर अन नंबराचा शेवटचा आकडाच गायब. नुसतं पाहून कोनाले समजलं असतं?"

"अवं पण हे सारं वर कंपनीजवळ असतेच ना साठवलेलं. आता माझे दोन फोन हायेत. जुन्यात हाये तेच नव्यात हाये. मंग तुह्या डिस्कीची गरजच काय?"

अनिसा हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाली, "काका, ते आरशासारखं हाये. तुमी इकडं कुंकू पुसलं का तिकडचंही पुसल्या जाते. आरशाले कोनी प्रत म्हणते का?"

मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. मी म्हटलं, यापुढं माझा फोन तुझ्या हातात देणार नाही. युनूसभाई कोपऱ्यातून म्हणाले, "बबनराव, तुमच्या घड्याळाच्या वक्ती बी तुमी असेच गेल्ते." मी मागं वळूनही पाहिलं नाही.

मग आला पाडवा. आमच्याकडे पाडव्याला सालगड्याचं वर्ष बदलतं. सेवादास आमच्याकडे आठ वर्षांपासून आहे, माणूस सोन्यासारखा. दरवर्षी नवं साल ठरलं की त्याला कपडे करतो, पुरणपोळीचं जेवण देतो. यंदा त्याचा बटणांचा फोन मोडला होता. माझा जुना फोन कपाटात पडून होता, तोच त्याला द्यायचं ठरवलं.

आता दुसऱ्याला वस्तू द्यायची तर ती उष्टी द्यायची का? आमच्या घरात भांडंसुद्धा घासल्याशिवाय कुणाला देत नाहीत. पाडव्याच्या सकाळी आंघोळ करून, गुढीची पूजा आटोपून मी त्या फोनची सफाई करायला बसलो. सगळे नंबर निवडले आणि पुसले. सगळे मेल पुसले. कॅलेंडरमधल्या नोंदी एकेक करून पुसल्या, त्यालाच पाऊण तास लागला. मग लक्षात आलं की पुसलेलं सगळं कचरापेटीत जाऊन बसतं. घर झाडून केर कोपऱ्यात ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. त्याही तिन्ही पेट्या रिकाम्या केल्या. फोन कापडाने चकचकीत पुसला, हळदकुंकू लावून सेवादासच्या हातात दिला आणि म्हटलं, "यातलं माझं समदं काढलं हाये. तरी काई राह्यलं दिसलं तं पुसून टाकजो."

"पुसतो ना मालक," तो म्हणाला, आणि फोन कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अकोल्याहून राजपालला फोन आला. उद्या वैभवीची तारीख, पण बी निगेटिव्हची पिशवी उपलब्ध नाही, दाता आजच आणा. रक्त तपासायला वेळ लागतो, त्यामुळे दाता दुपारपर्यंत तिथं पोचायला हवा. मी म्हटलं, "घोर करू नको. माझ्याजवळ अकरा हायेत." आणि नवा फोन उघडला.

कॅलेंडर पांढरंफटक. नंबरांची यादी उघडली, तिथं एकही नाव नाही. मेल उघडले, तिथंही काही नाही. मी फोन बंद करून परत चालू केला. तरी तेच. तेव्हा कुठे पौषातला तो आरसा आठवला. राजपालच्या फोनातल्या दोघांनीही गेल्या दोन महिन्यांतच रक्त दिलं होतं. बाकीच्या नऊ जणांची नावं मला तोंडपाठ होती, पण नंबर एकाचाही नाही. खाटेवरून वैभवी म्हणाली, "आजोबा, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. खोटं बोलताना माझा आवाज चिरका होतो, तो त्या दिवशीही झाला.

मी गाडीला किक मारली तेव्हा प्रयागबाई काही न विचारता मागं येऊन बसल्या. इंझोरीहून कारंज्यापर्यंत मी गाडी कुठंही थांबवली नाही.

अनिसा नुकतंच शटर उघडत होती. मी तिला सगळं सांगितलं. भांडणाचा विषय तिने काढला नाही. माझा फोन घेतला आणि आधी कचरापेट्या उघडून पाहिल्या.

"काका, पेटी बी रिकामी केली?"

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

कोपऱ्यातून युनूसभाई म्हणाले, "इतनी सफाई तं नगरपालिका बी करत नाई, बबनराव." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी मान खाली घालून उभा राहिलो.

"तुह्याजवळ काई असन तं पाह्य," मी म्हटलं. "पौषातलं तरी असन. तारखा जुन्या असतीन, पण नंबर तं भेटतीन." तारखांशिवाय कोणाला देता येतं न येतं ते कळणार नव्हतं, पण बुडत्याला काडीचा आधार.

अनिसा माझ्याकडे न बघता प्रयागबाईंकडे बघायला लागली. प्रयागबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सांगून टाक आता. कायले लपवतं."

"नऊ दिवसाआंधीची हाये," अनिसा म्हणाली. "काकी आणतात दर महिन्याले."

मला काही समजेना. मग उलगडा झाला. बाजाराला आलो की मी दाढी करायला सलूनमध्ये बसतो, आणि फोनला साबण लागू नये म्हणून तो प्रयागबाईंकडे देतो. माझी दाढी होईपर्यंत त्या फोन घेऊन इथं येत होत्या. फोन उघडायची आकृती त्यांना वैभवीने शिकवली होती.

"माह्या पाठीमागं?" मी म्हटलं.

"मंग काय समोर?" प्रयागबाई म्हणाल्या. "सारी जिंदगी गावोगाव सांगत फिरले, घरचं सोयाबीन पेराच्या आंधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधा, किती उगवतात ते मोजा, मंगच पेरा. माह्याच घरातले गोणपाट नेत होते. हे पोरगी तेच करून राह्यली तं तिच्याशी भांडले. लोकाले सांगे ब्रह्मज्ञान!"

उगवण तपासणीची माझी प्रात्यक्षिकं तालुक्यात प्रसिद्ध होती. पोत्यात दिसायला टपोरं बी असतं, आणि शंभरातले चाळीससुद्धा उगवत नाहीत, हे मी हजार वेळा लोकांना दाखवलं होतं. आणि तीच गोष्ट या पोरीने केली तर मी तिला रिकामटेकडी ठरवून मोकळा झालो होतो.

अनिसाने कपाटातून डिस्क काढली. भिंतीवरचा एक जुना फोन उतरवून ती म्हणाली, "पयले याच्यात उतरवून पायते." तेवढ्यात घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली, आणि माझा स्वभाव पुन्हा उफाळून आला. मी ओरडलो, "वेळ कुठं हाये त्याले? सरळ माह्या फोनात टाक!"

"काका..."

"टाक म्हंतो ना!"

तिने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि माझ्या फोनला वायर जोडली. तीन-चार मिनिटं गेली असतील. मग नावं यायला लागली. दोनशे सेहेचाळीस. माझी सगळी माणसं परत आली. मला तर देवच भेटल्यासारखं झालं. मी 'अजहर मेडशी वेल्डिंग' हे नाव शोधायला बोट वर सरकवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत वरच्या आकड्याचे दोनशे पंचेचाळीस झाले. मग दोनशे चव्वेचाळीस. मग दोनशे त्रेचाळीस.

"हे काय होऊन राह्यलं?" मी म्हटलं. जशी आली होती तशीच नावं एकेक करून नाहीशी होत होती. दोनशे एकोणचाळीस. अजहर शोधतोय तोवर अजहरही गेला.

अनिसाने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "काका, तुमचा जुना फोन कुठं हाये?"

"सेवादासजवळ. आमच्या गड्याजवळ."

"अन त्याच्यातून तुमचं खातं काढलं होतं?"

"म्हंजे?"

तिने कपाळाला हात लावला. "काकी, त्याले फोन लावा. लौकर."

प्रयागबाईंच्या बटणांच्या फोनात तीनच नंबर आहेत, माझा, राजपालचा आणि डबा न्यायला बोलवायचं असतं म्हणून सेवादासचा. त्यांनी लावला आणि मोठ्याने ऐकू येईल असा धरला.

"मालकीणबाई, बरं झालं तुमी लावला," सेवादासचा आनंदी आवाज आला. "मालकाले सांगा, नावं वापस आल्ती त्याईची. पण घोर नका करू म्हना. मी विहिरीजवळ बसून एकेक पुसून राह्यलो. दोनशाच्या वर हायेत, पण दुपारलोक सारं साफ करतो."

शेतातलं काम सोडून, चैत्राच्या उन्हात विहिरीवर बसून तो माझा शब्द पाळत होता. मी दिलेलं एकही काम त्याने आजवर अर्धवट सोडलेलं नाही, आणि त्या दिवशी त्याच गुणाने माझी नात मरणाच्या दारात उभी होती. मी ओरडायला तोंड उघडलं. अनिसाने हात वर करून मला गप्प केलं आणि स्वतः फोन घेतला.

"सेवादासभाऊ, मी कारंज्याहून अनिसा बोलून राह्यली. लय साजरं काम केलं तुमी. आता एक करा, कडेचं बटन दाबून धरा अन फोन पुरा बंद करून टाका. मी सांगते तव्हाच चालू करजा. करसान ना?"

"करतो ना ताई," तो म्हणाला, आणि लगेच केलं.

मी असतो तर त्याला शिव्या दिल्या असत्या, तो घाबरला असता आणि घाबरून आणखी कुठलंतरी बटण दाबून बसला असता. कामाच्या घाईत माणूस दुसऱ्याशी कसा बोलतो, त्यावरून त्याचं कसब कळतं. माझं कसब तिथंच उघडं पडलं.

"आता?" मी विचारलं. "गेलेल्यायचं काय?"

"माह्या डिस्कीतलं कोनी पुसत नाई काका. ते कोनत्याच आरशाले बांधलेलं नाई." तिने माझ्या खात्याचा पासवर्ड बदलला, दुसरीकडे जिथं जिथं ते उघडं होतं तिथून ते बंद केलं. मग खिळ्यावरचा जुना फोन पुढं घेतला. यावेळी मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

नंबर उतरले. तिने मोजले, दोनशे सेहेचाळीस. कॅलेंडर उतरलं. सहा वर्षांच्या सगळ्या तारखा, मी टाकल्या होत्या तशाच. मेल उतरले, डॉक्टरांच्या सूचनांसकट. अकरा जणांपैकी आठांचे तीन महिने अजून भरायचे होते; त्यांतल्या काहींनी मधे दुसऱ्या रुग्णांनाही रक्त दिलं होतं, त्याही तारखा मी टाकलेल्या होत्या. तिघांचे भरले होते, गोविंदसिंग, धम्मपाल गुरुजी आणि मेडशीचा अजहर.

"एक नंबर तं मले लावाच लागते," अनिसा म्हणाली. "कोनता लावू ते आज तुमी सांगा."

गोविंदसिंगला लावला. पलीकडून त्याची बायको बोलली, चार दिवसांपासून ताप आहे म्हणाली. धम्मपाल गुरुजी पुण्याला मुलीकडे गेलेले. ते तिथून आजच निघतो म्हणायला लागले, मी नको म्हटलं. पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता. आता उरला एक. त्याची तारीख कॅलेंडरमध्ये पाहिली तर तीन महिने पुरे होऊन अवघे दोन दिवस झाले होते.

अनिसाने तिसरा नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग वेल्डिंगचा चरचर आवाज आला, आणि तो थांबला.

"हां, बोला."

"अजहर, मी बबनराव. इंझोरीचा," मी म्हटलं. प्रयागबाईंनी फोन घेतला. "बाबू, वैभवीले रक्त पाह्यजे. आजच. अकोल्यात पिशवी नाई."

"आज?" पलीकडे क्षणभर कुणाशी तरी बोलणं झालं. "काकी, आता अकोल्याची गाडी भेटन मले. हात धुतो अन निंगतो. पोरीले सांगा, अजहरचाचा येऊन राह्यले." त्याने दुसरं काही विचारलं नाही. एका गेटचं काम अर्ध्यावर टाकून तो निघाला होता, हे मला नंतर कळलं.

दुपारी दीड वाजता अकोल्याहून त्याचा फोन आला, रक्त दिलं. पण डॉक्टरांची सूचना काय आहे, रक्त कशा प्रकारे तयार करून द्यायचं ते दाखवा, असं रक्तपेढीतून विचारलं होतं. आम्ही अजून दुकानातच होतो, आणि तपासलेली प्रत अनिसाने तोवर माझ्या फोनात उतरवली होती. तिने डॉक्टरांचा मेल तिथूनच पाठवला. दुसऱ्या दिवशी वैभवीला रक्त चढलं. मी खाटेजवळ बसून एकेक थेंब खाली येताना बघत होतो, आणि पोरगी मला विचारत होती, आजोबा, तुम्ही काल कारंज्याला जाऊन मला काय आणलं? मी म्हटलं, विसरलो बेटा. तिने प्रयागबाईंकडे पाहिलं, आणि दोघी हसल्या.

चार दिवसांनी मी अनिसाच्या दुकानात गेलो. बरोबर घरच्या तुरीची डाळ नेली होती. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे काय बोलायचं ते मी बसमध्ये मनात तीनदा घोळवलं होतं. पायरी चढताच युनूसभाई म्हणाले, "बबनराव आले. आज हळू आले." मग घोळवलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हटलं, "अनिसा, मी चुकलो. तू लय हुशार हायेस. तुह्यासारखं काम मी आजलोक कोनाचं पाह्यलं नाई."

ती एकदम लाजली. इतकी शांत बाई, पण स्तुती ऐकून गोंधळली. म्हणाली, "माहं काई नाई काका. अब्बाची रीत हाये." युनूसभाई अंध डोळ्यांनी भिंतीकडे तोंड करून हसत होते. मला वाटलं, रीत सगळ्यांनाच मिळते बापाकडून. मलाही मिळाली होती, वस्तू धुऊन देण्याची. तिने आपली रीत समजून घेऊन चालवली, मी माझी डोळे झाकून चालवली. आता ती यादी राजपालकडेही आहे, प्रयागबाईंकडे कागदावर आहे, आणि अनिसाच्या डिस्कवर तर आहेच. सेवादासचा फोनही तिने नीट मोकळा करून दिला. तो मला अजूनही विचारतो, मालक, काही पुसायचं राहिलं का?

वैशाखात बाजाराच्या दिवशी मी दाढीला न जाता आधी तिच्या दुकानात गेलो आणि स्वतःच्या हाताने फोन दिला. तिने प्रत काढली, खिळ्यावरचा फोन उतरवला, मोजणी केली. मग मला म्हणाली, "आज तुमी बोट ठेवा काका. डोये मिटून."

मी डोळे मिटले आणि बोट टेकवलं. तिने पाहिलं, नंबर लावला आणि आवाज मोठा केला. फोन वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला, आणि आधी नुसता जोरजोरात श्वास ऐकू आला.

"हॅलो, कोन?" वैभवी म्हणाली. "थांबा हं, मी पयत आली ना अंगणातून."

घराचा नंबर होता. मी डोळे उघडले, पण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"मी कारंज्याहून अनिसा," ती म्हणाली. "नंबर तपासून राह्यली व बेटा. तुह्ये आजोबा इथंच हायेत."

"आजोबाले म्हना, येताना काईतरी घेऊन या. मांगच्या वेळेस विसरले होते," असं म्हणून तिने फोन ठेवला. बहुतेक परत अंगणात पळाली असावी.

अनिसाने चिठ्ठी पुढं ओढली, तारीख टाकली, आणि पुढं नेहमीप्रमाणे 'बरोबर' असं लिहायला लागली.

"तसं नको लिहू," मी म्हटलं. "आमच्या शेतकी खात्यात बियाण्याची तपासणी झाली का वेगळं लिहितात."

तिने पेन माझ्याकडे दिला. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'उगवलं'.